मॅन्युअलचं पान पुठ्ठ्यावर, मग शॉकअपला हात

मोटरसायकलचे मागचे शॉकअप खोलले की कुठला वॉशर आत आणि कुठला बाहेर, इथेच घोळ होतो. मॅन्युअलमधलं मागच्या सस्पेन्शनचं सुट्या भागांचं चित्र मोठं प्रिंट करून पुठ्ठ्यावर चिकटवा. निघालेला प्रत्येक नट, वॉशर, बुश चित्रातल्या त्याच्याच जागी ठेवा.

शेजारी टॉर्कचा, म्हणजे नट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा ठळक लिहा, एककासकट. २५ फूट-पाउंड म्हणजे जवळपास ३४ न्यूटन-मीटर. गल्लत झाली तर आटे जातात.

गाडी डबल स्टँडवर घ्या. दोन शॉकअप असतील तर एका वेळी एकच काढा, दुसरा शॉकअप स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) धरून ठेवतो.

गॅसचा शॉकअप मात्र घरी उघडू नका. आत दाबाखाली नायट्रोजन असतो.