खोक्यावरचं ७.१ पाहून भुलू नका: सराउंड हेडफोन घेताना आणि लावताना या चुका टाळा

गेमिंग हेडफोनच्या खोक्यावर ‘७.१ सराउंड’ ही अक्षरं जेवढी ठळक, तेवढी आत काय आहे याची माहिती त्रोटक. ७.१ म्हणजे ऐकणाऱ्याभोवती सात स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर. पण अशा बहुतेक हेडफोनांत डाव्या कानाला एक आणि उजव्या कानाला एक, असे दोनच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, असतात. बाकीचे स्पीकर सॉफ्टवेअर उभे करतं. यात फसवणूक नाही, कारण ऐकायला आपल्यालाही दोनच कान आहेत. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मध्ये डोकं असल्यामुळे तो तिथे थोडा मंद होतो आणि बाहेरच्या कानाच्या वळणांतून जाताना त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी बदलतात. या तीन खुणांवरून मेंदू दिशा ठरवतो. त्याच खुणा गणिताने आवाजावर चढवणाऱ्या फिल्टरला एचआरटीएफ म्हणतात.

म्हणजे सराउंड हेडफोनमध्ये नसतं. ते गेममध्ये, विंडोजमध्ये, कन्सोलमध्ये किंवा हेडफोनसोबतच्या यूएसबी डोंगलमध्ये घडतं. पुढच्या बऱ्याचशा चुका हे लक्षात न घेतल्यामुळे होतात.

‘७.१’साठी जास्त पैसे मोजणं

त्याच किमतीत एकीकडे ‘७.१’चा हेडसेट आणि दुसरीकडे नावाजलेला साधा स्टीरिओ हेडफोन मिळत असेल, तर बहुतेक वेळा दुसरा घ्यावा. विंडोजमध्ये सराउंड बनवणारं ‘विंडोज सॉनिक’ फुकट आहे, पीएस५ मध्ये टेम्पेस्ट थ्रीडी ऑडिओ फुकट आहे, आणि दोन्ही कुठल्याही स्टीरिओ हेडफोनवर चालतात. माइक हवा असेल तर वेगळा क्लिप माइक किंवा छोटा यूएसबी माइक लावता येतो.

एका कानात अनेक ड्रायव्हर बसवलेले हेडफोनही निघाले. रेझरच्या टियामॅट ७.१ मध्ये एका बाजूला पाच, असे एकूण दहा ड्रायव्हर होते. पण कानापासून बोटभर अंतरावर पाच ड्रायव्हर लावले म्हणून खोलीभर पसरलेल्या स्पीकरांचे कोन तयार होत नाहीत. ड्रायव्हर लहान होतात, वजन आणि वायरी मात्र वाढतात. हा प्रकार बाजारात फारसा टिकला नाही, ते बरंच झालं.

‘५० एमएम ड्रायव्हर’ आणि ‘२० हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ’ हे आकडेही खरेदीच्या निर्णयात धरू नका. ४० एमएमचा चांगला ड्रायव्हर ५० एमएमच्या सुमार ड्रायव्हरला सहज मागे टाकतो, आणि २० किलोहर्ट्झच्या वरचं माणसाला ऐकू येत नाही.

सराउंडवर सराउंड चढवणं

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच, आणि हिच्यामुळेच ‘हेडफोन बेकार निघाला’ अशी तक्रार होते. आवाज गेममधून निघतो, विंडोजमधून जातो, मग हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधून कानात येतो. या तिन्ही ठिकाणी एचआरटीएफ किंवा सराउंडचं बटण असू शकतं. दोन चालू राहिले की एकदा फिल्टर झालेला आवाज पुन्हा फिल्टर होतो. मग बोलणं न्हाणीघरातून आल्यासारखं घुमतं, गोळीबार पत्र्यावर झाल्यासारखा वाटतो, आणि पावलं समोर की मागे हे कळेनासं होतं.

दुरुस्ती या क्रमाने करा:

१. हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं ७.१, सराउंड, ‘सिनेमा मोड’ असं जे काही असेल ते बंद करा. वायरवर किंवा कपवर सराउंडचं बटण असेल तर तेही तपासा. ते चुकून दाबलं जातं.

२. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड या वाटेने जा, तुमचा हेडफोन निवडा आणि ‘स्पेशियल साउंड’ ऑफ करा.

३. आता गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एचआरटीएफ, ‘थ्रीडी ऑडिओ’ किंवा ‘हेडफोन मोड’ आहे का ते बघा. असेल तर फक्त तेच चालू ठेवा. व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफचं वेगळं बटण आहे. गेमला प्रत्येक आवाजाची नेमकी जागा, उंचीसकट, माहीत असते. विंडोजच्या हाती ठरावीक चॅनलांत आधीच वाटलेला आवाज येतो. म्हणून गेमचं स्वतःचं एचआरटीएफ असेल तर पहिला मान त्याला.

४. गेममध्ये तसं काही नसेल, पण ५.१ किंवा ७.१ आउटपुट मिळत असेल, तर गेममध्ये ७.१ निवडा आणि विंडोज सॉनिक किंवा डॉल्बी ॲटमॉस फॉर हेडफोन्स यांपैकी एकच चालू करा. डॉल्बीचा परवाना विकत घ्यावा लागतो. आधी फुकटचं सॉनिक आठवडाभर वापरून बघा.

तपासण्यासाठी सरावाच्या मैदानात जा. मित्राला एका जागी उभं राहून गोळ्या झाडायला सांगा, डोळे मिटा आणि माउसने हळूहळू गोल फिरा. आवाज डोक्याभोवती सलग फिरला पाहिजे. एखाद्या कोनात तो तुटला किंवा डोक्याच्या आत घुसल्यासारखा वाटला, तर अजून काहीतरी दुहेरी चालू आहे. न फिरता समोर आणि मागे यांत थोडा गोंधळ होणारच. एचआरटीएफ सरासरी डोक्यासाठी बनवलेलं असतं, तुमच्या कानांच्या मापाचं नसतं. प्रत्यक्षातही समोर-मागे ठरवताना आपण नकळत मान हलवतो. गेममध्ये मानेचं काम माउस करतो.

यूट्यूबवरचे ‘७.१ टेस्ट’ किंवा ‘८डी ऑडिओ’चे व्हिडिओ या तपासणीला निरुपयोगी. हेडफोनवर ते मुळात स्टीरिओच असतात. ‘८डी’ म्हणजे आवाज डावी-उजवीकडे फिरवून वर थोडा घुमारा टाकलेला.

पीएस५ वर सेटिंग्ज, साउंड, थ्रीडी ऑडिओ इथे हेडफोनसाठी थ्रीडी ऑडिओ चालू करा आणि तिथल्या ध्वनी-चाचण्या ऐकून तुमच्या कानाला जुळणारं प्रोफाइल ठेवा. ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि मग उंचीवरचे आवाज चुकीच्या ठिकाणी ऐकू येतात.

यंत्र न बघता हेडसेट घेणं

खोक्यावरचं ७.१ पीसीवरच्या सॉफ्टवेअरमधून येत असेल, तर तोच हेडसेट कन्सोलला लावल्यावर नुसता स्टीरिओ राहतो. यूएसबी डोंगलमधून येत असेल, तर ३.५ एमएम पिनने जोडताच सराउंड गायब. पीएस५ ला ब्लूटूथ हेडफोन थेट जोडता येत नाहीत, एक्सबॉक्सलाही नाही. एक्सबॉक्सची वायरलेस पद्धत वेगळी असल्यामुळे पीसी-प्लेस्टेशनसाठीचा डोंगल तिथे सहसा चालत नाही. खोक्यावर एक्सबॉक्सचा स्पष्ट उल्लेख हवा. एकच हेडफोन सगळीकडे वापरायचा असेल तर ३.५ एमएम वायरीसारखी बिनतक्रार सोय दुसरी नाही.

मात्र वायरीचा हेडफोन घेताना ओहम, म्हणजे त्याचा विद्युत अडथळा, बघा. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन कंट्रोलरला किंवा फोनला लावला तर व्हॉल्यूम पूर्ण करूनही आवाज अपुरा पडतो, कारण त्याला लागणारं व्होल्टेज तिथे मिळत नाही. वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर १६ ते ८० ओहममध्ये थांबा.

पिन आणि जोडणीचे घोळ

गाण्याचं संगीत ऐकू येतं, पण गायकाचा आवाज पोकळ किंवा जवळजवळ नाहीसा. असं झालं की हेडफोन परत करायला धावू नका. पिन पूर्ण आत गेलेली नाही किंवा पिनचा ग्राउंड टेकत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंना सारखा असलेला मधला आवाज एकमेकांतून वजा होतो, आणि गायक नेमका मध्येच असतो. मोबाइलचं जाड कव्हर पिन अडवतं, ते काढून बघा. स्वस्त एक्स्टेंशन वायरीत चार संपर्कांची (माइकसकट) पिन आणि तीन संपर्कांचं सॉकेट असा बेमेळ असला तरी हेच होतं.

डेस्कटॉपला माइक आणि हेडफोनची दोन वेगळी सॉकेट असतात. चार संपर्कांची एकच पिन हिरव्या सॉकेटमध्ये घातली तर आवाज येतो, माइक मुका राहतो. दोन पिनांत विभागणारा वाय-स्प्लिटर लागतो. घेताना तो ‘हेडसेटसाठी’ आहे याची खात्री करा. दोन जणांनी एकत्र ऐकण्याचा स्प्लिटर दिसायला तसाच असतो, पण इथे उपयोगाचा नाही.

ब्लूटूथवर गेम

चित्रपट बघताना ब्लूटूथचा उशीर जाणवत नाही, कारण ॲप तेवढंच चित्र मागे ठेवतं. गेमला चित्र थांबवता येत नाही. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीवर) आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागे पडू शकतो. बीजीएमआयसारख्या नेमबाजीच्या मोबाइल गेममध्ये शत्रूची गोळी लागून गेल्यावर तिचा आवाज आला तर सराउंडचं काय करायचं? मोबाइलवर वायर, किंवा टाइप-सीमध्ये बसणारा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल घ्या. इअरबड्सचा ‘गेमिंग मोड’ उशीर कमी करतो, पण वायरची बरोबरी करत नाही.

लॅपटॉपवर दुसरी अडचण येते. गेम खेळताना बोलायचं डिस्कॉर्ड ॲप उघडलं की ब्लूटूथ हेडफोनचा आवाज एकदम जुन्या लँडलाइनसारखा होतो. माइक चालू होताच ब्लूटूथ उच्च दर्जाचा स्टीरिओ सोडून हँड्स-फ्री प्रकारात जातं, आणि तिथे आवाज मोनो होतो. डिस्कॉर्ड आणि गेम या दोन्हींत इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, स्टीरिओ परत येतो.

२.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असून आवाज तुटत असेल तर तो कुठे खोचला आहे ते बघा. यूएसबी ३.० च्या पोर्टांतून आणि वायरींतून याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं आहे. डोंगलशेजारी बाहेरची हार्ड डिस्क असेल तर ती दूर करा, आणि डोंगल एक मीटरच्या यूएसबी २.० एक्स्टेंशनवर टेबलावर आणून ठेवा. पंधरा दिवसांची डोकेदुखी कधी कधी एवढ्यानेच जाते.

चित्रपटात संवाद बुडणं

५.१ ध्वनीत संवाद मधल्या चॅनलवर असतात. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कुणी ‘कॉन्फिगर’मध्ये ५.१ निवडलं आणि हेडफोन साध्या हिरव्या सॉकेटला असला, तर मधला चॅनल रिकाम्या सॉकेटकडे जातो. पार्श्वसंगीत दणक्यात, माणसं मुकी. तिथे स्टीरिओ निवडा. विंडोज सॉनिक वापरायचं असलं तरी हे स्टीरिओच ठेवायचं, कारण ॲपला लागणारे जास्तीचे चॅनल सॉनिक स्वतः दाखवतं.

ओटीटीवर भाषेच्या यादीत ‘५.१’ लिहिलेला ट्रॅक शोधा. कित्येकदा मूळ भाषेचा ट्रॅक ५.१ असतो आणि डब केलेला फक्त स्टीरिओ. स्टीरिओतून सराउंड ‘बनवलं’ तर फक्त घुमारा मिळतो. नेटफ्लिक्सवर ‘स्पेशियल ऑडिओ’चं चिन्ह असलेल्या शीर्षकांत हा परिणाम स्टीरिओतच भरून येतो, तेव्हा तुमच्याकडचं सगळं सराउंड बंद हवं.

संगीत

गाणी ऐकताना सराउंड बंद करा. स्टीरिओ गाण्यात तबला कुठे आणि तंबोरा कुठे हे ध्वनिमुद्रकाने ठरवलेलं असतं, सराउंडचा फिल्टर ते विस्कटतो. जुनी भावगीतं तर बरीचशी मोनोच, त्यांना सराउंड लावणं म्हणजे गायिकेला रिकाम्या मंगल कार्यालयात उभं करणं. अपवाद मुळात डॉल्बी ॲटमॉसमध्ये मिक्स केलेल्या गाण्यांचा. ॲपल म्युझिकवर ती २०२१ पासून मिळतात.

बेसचं बटणही आवरा. खालच्या फ्रिक्वेन्सींचा जोर वाढला की त्या वरच्या बारीक आवाजांना झाकतात, आणि पावलं नेमकी तिथेच ऐकू येतात. इक्वलायझरमध्ये १५० हर्ट्झखालचं ३-४ डेसिबलने उतरवून बघा. स्फोट थोडे मिळमिळीत होतील, जिना चढणारा मात्र कळेल.

डोक्यावर कसा बसतो ते न बघणं

उघड्या पाठीचे हेडफोन दिशेसाठी मोकळे वाटतात, पण वर पंखा गरगरतोय, खिडकीबाहेर रिक्षांचे हॉर्न आणि शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा घरात ते चालत नाहीत. आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आत. तिथे बंद पाठीचाच बरा.

चष्मा असेल तर जाड काड्या पॅडला फट पाडतात आणि बेस गळतो. मऊ, खोल पॅड आणि बारीक काडी हा उपाय. कृत्रिम चामड्याचे पॅड कोकण-मुंबईच्या दमट हवेत, त्यात केसांना तेल लावण्याची सवय असेल तर, लवकर सोलतात. वापरल्यावर कोरड्या कापडाने पुसा, आणि घेण्याआधीच त्या मॉडेलचे बदली पॅड वेगळे मिळतात का ते शोधा. मिळत नसतील तर दुसरं मॉडेल बघा. ३५० ग्रॅमच्या वरचा हेडफोन तीन तासांच्या चित्रपटात मानेला जाणवतो.

पंख्याच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम चढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे ८६ डेसिबलवर प्रौढांना आठवड्याचे दहाच तास उरतात.

ऑनलाइन घेताना ‘रिटर्न’ आहे की फक्त ‘रिप्लेसमेंट’ हे आधी वाचा. फक्त रिप्लेसमेंट असेल तर डोकं दुखतं किंवा माइक नीट नाही या कारणाने पैसे मिळत नाहीत, तोच हेडफोन पुन्हा दारात येतो. मुदत संपायच्या आत सलग दोन तास घालून बसा, माइकवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका, आणि वायर पिनपाशी हलवून एका बाजूचा आवाज जातो का ते बघा.