युएंडुमूच्या दवाखान्यात येण्याआधी

नर्सिंग करणाऱ्या धाकट्या मैत्रिणी फोनवर हमखास विचारतात, "ताई, तिथं पगार चांगला असतो म्हणे, आणि राहायला घरही देतात?" दोन्ही खरं आहे. पण तेवढ्यासाठी येत असाल तर थोडं थांबा. सहा आठवडे काम करून निघून जाणाऱ्या नर्सा या गावानं खूप पाहिल्यात. दर वेळी नव्या माणसाला आपलं दुखणं पहिल्यापासून सांगायचं, याचा कंटाळा कुणालाही येईल.

युएंडुमू हे मध्य ऑस्ट्रेलियातलं, वार्लपिरी या मूळ रहिवासी लोकांचं गाव. अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून तानामी रस्त्यानं वायव्येला निघालं की सुमारे 290 किलोमीटरवर लागतं. 1946 साली सरकारनं इथं शिधावाटपाचं ठाणं वसवलं आणि आसपासच्या प्रदेशातले लोक या एका जागी आले. आज दवाखाना आहे, शाळा आहे, 1985 पासून चालणारं चित्रकारांचं केंद्र आहे, विमानाची धावपट्टी आहे. कुत्री तर घरोघरी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, रात्री बोटं आखडतात, तेव्हा स्वेटर विसरू नका.

कागदपत्रांचं आधी सांगते. ऑस्ट्रेलियाची नर्स-नोंदणी हवी. लहान मुलांबरोबर काम करण्यासाठी इथं 'ओकर कार्ड' लागतं, त्याचा अर्ज लवकर टाका. आणि परवाना. 1976 च्या कायद्यानं ही जमीन मूळ मालकांची ठरली आहे, म्हणून त्यांच्या वतीनं जमिनीचं काम पाहणाऱ्या सेंट्रल लँड कौन्सिलकडून गावात यायची परवानगी घ्यावी लागते. आपण कुणाच्या तरी घरी जातोय हे त्या कागदानं मला पहिल्यांदा नीट उमगलं. फोर व्हील ड्राइव्ह गाडी चालवता आली पाहिजे आणि चाक बदलता आलं पाहिजे.

तातडीच्या विभागाचा अनुभव नसेल तर आधी तो घ्या. रात्री छातीत दुखणारा माणूस आला की डॉक्टर फोनवर असतात, हात मात्र तुमचेच. उपचारांसाठी 'कार्पा' नावाचं पुस्तक आहे, मध्य ऑस्ट्रेलियातल्या दूरदूरच्या दवाखान्यांत तेच चालतं. ते येण्याआधीच वाचायला घ्या. रुग्णाला हलवायचं ठरलं की फ्लाइंग डॉक्टरांचं, म्हणजे दूरच्या गावांतले रुग्ण नेणाऱ्या सेवेचं, विमान येतं, आणि ते उतरण्याआधी धावपट्टीवर गाडी फिरवून कांगारू नाहीत ना, याची खात्री करावी लागते. रात्रीच्या बोलावण्याला एकटीनं जायचं नाही. यावर कुणी घासाघीस करू लागलं तरी ऐकू नका.

पण रोजचं खरं काम म्हणजे इंजेक्शन. मी शिकले मिरजेला, तिथं संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेल्या कोवळ्या मुली पाहिल्या होत्या. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशात तेच दुखणं पुन्हा समोर येईल असं वाटलं नव्हतं. घसा नाहीतर त्वचा जंतूंनी बिघडते, पुन्हा पुन्हा बिघडते, आणि शेवटी हृदयावर येते. एका घरात खूप माणसं, त्यात नळ किंवा शॉवर बंद पडलेला, दुरुस्तीवाला लांबून यायचा. मुलांच्या अंगावरचे फोड त्यातून येतात. एकदा हा संधिवाताचा ताप येऊन गेला की दर 28 दिवसांनी पेनिसिलिन, आणि ते वर्षानुवर्षं. सुई जाड, औषध दाट, दुखतं खूप. दहा वर्षांचं पोर ते का सोसेल? तुमच्यावर त्याचा विश्वास असेल तरच सोसेल.

हा विश्वास माझ्या हातून एकदा तुटला. इंजेक्शनची तारीख उलटून गेलेला एक तरुण मोठ्या मिनतवारीनं आला होता. मी त्याला बाकावर बसवलं आणि एका वयस्क बाईंना हाक मारून शेजारच्याच खुर्चीत बसायला सांगितलं. तो मान खाली घालून उठला आणि चालता झाला. मला वाटलं, सुईला घाबरला. आमची वार्लपिरी सहकारी आरोग्यसेविका हळूच म्हणाली, "ती त्याची सासू लागते." सासू आणि जावई इथं एकमेकांसमोर येत नाहीत, बोलत नाहीत. ही त्यांच्यातली मर्यादा आहे आणि ती फार आदरानं पाळली जाते. त्या मुलाला पुन्हा आणायला आम्हाला दोन आठवडे लागले.

त्यानंतर मी तिच्याकडून नाती शिकायला बसले. वार्लपिरी समाजात आठ नातेगट आहेत, पुरुषाच्या गटाचं नाव 'ज' नं सुरू होतं आणि बाईच्या गटाचं 'न' नं. मला नाम्पिजिन्पा गटात घेतलं गेलं. म्हणजे गावातले जुपुरुर्ला पुरुष माझे जावई, त्यांच्यापासून मी अंतर ठेवायचं. आईची बहीणही आईच, हे कळायला मला वेळ लागला नाही. 'माय मरो पण मावशी उरो' म्हणणाऱ्या घरातली मी. पण त्याचा दवाखान्यातला अर्थ महत्त्वाचा: 'आईला घेऊन ये' म्हटल्यावर कोण येईल हे आधी विचारून घ्या. फॉर्मवर सही कुणाची लागेल ते त्यावर ठरतं.

गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत. त्याच नावाचा दुसरा कुणी असेल तर त्यालाही 'कुमान्जायी' म्हणतात. माझी आजी नवऱ्याचं नाव घेत नसे, ते आठवा आणि रांगेत नाव पुकारण्याआधी सहकाऱ्यांना विचारा. मयत झाली की शोकाचे दिवस येतात, गाव त्यात बुडतं, भेटीच्या वेळा कोलमडतात. त्या दिवसांत उगाच फोन करकरून कुणाला बोलावू नका. ज्याचं औषध अगदी चुकवून चालणार नाही, तेवढ्यापुरतं सहकारिणीला पाठवा.

किडनीचं दुखणं इथं घराघरात आहे. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, म्हणजे पूर्वी गाव सोडून अ‍ॅलिस स्प्रिंग्जलाच राहायचं, आणि म्हातारी माणसं आपल्या जमिनीपासून लांब झुरायची. 2000 साली पश्चिम वाळवंटातल्या पिंटुपी चित्रकारांनी मोठी चित्रं काढून सिडनीत लिलावाला दिली, दहा लाख डॉलरच्या वर पैसे उभे राहिले आणि 2004 मध्ये त्यांच्या किंटोर गावात डायलिसिसचं यंत्र सुरू झालं. त्यातून 'पर्पल हाउस' ही संस्था उभी राहिली, तिचं केंद्र आता युएंडुमूतही आहे. कोणी मदत पाठवेल म्हणून ते बसून राहिले नाहीत, हे तिथल्या खुर्चीत शेजारी नातवंडं घेऊन बसलेल्या आजीकडे पाहताना मला दर वेळी जाणवतं.

भाषेचं एवढंच. 'ङुर्जू' म्हणजे छान, 'युवायी' म्हणजे हो, 'लावा' म्हणजे नाही, 'ङापा' म्हणजे पाणी, 'मुरुमुरु' म्हणजे दुखतंय. प्रश्न विचारलात की गप्प बसा. उत्तर येईपर्यंत बराच वेळ जातो आणि आपण अधीर होऊन दुसरा प्रश्न टाकतो, मग समोरचा नुसता 'युवायी' म्हणून मोकळा होतो. तो होकार खरा धरू नका. डोळ्यांत रोखून पाहू नका, शेजारी बसून बोला.

तूरडाळ, गोडा मसाला, चहा अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून भरून आणा, गावात भाजी महाग पडते. निदान वर्षभराचा तरी करार मागा. तो तरुण मला ओळखून स्वतःहून आला तेव्हा मला इथं येऊन अकरा महिने झाले होते. मागच्या दारानं आत आला, बाही वर केली आणि म्हणाला, "नाम्पिजिन्पा, आज अठ्ठाविसावा दिवस." मी म्हटलं, "बाही राहू दे, हे मांडीत द्यायचंय."