मावळतीचे आकाश आणि हातभर अंतरावरचा जीव : फ्लॅश शिकू पाहणाऱ्यांसाठी

वन्यजीव छायाचित्रणात नव्याने आलेल्या बहुतेकांना असे वाटते की, सूर्य कलला आणि उजेड कमी पडू लागला की फ्लॅश लावायचा. प्रत्यक्षात सूर्यास्ताच्या वेळी अडचण कमी उजेडाची नसते, तर उजेडातल्या तफावतीची असते. पश्चिमेचे आकाश अजून झगझगत असते आणि त्याच्या पुढ्यात, आपल्याकडे सावलीची बाजू करून बसलेला जीव जवळजवळ काळा दिसत असतो. आकाशाचे रंग सांभाळले तर जीवाची छायाकृती उरते आणि जीवाचे तपशील सांभाळले तर आकाश पांढरे पडते. ही दरी भरून काढण्यापुरताच फ्लॅशचा उपयोग आहे, आणि तोही विषय अगदी जवळ असेल तरच.

जवळ म्हणजे किती, याचे उत्तर प्रकाशाच्या स्वभावातच आहे. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौथ्या हिश्शावर येतो, म्हणजे दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे). अर्ध्या मीटरवरच्या चतुर या कीटकाला फ्लॅशच्या ताकदीचा लहानसा अंशही पुरतो, पण पन्नास मीटरवरच्या गव्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्या उजेडात फारसे काही उरत नाही. शिवाय व्याघ्र प्रकल्पांतील सफारीत फ्लॅशला मनाई असते. तेव्हा गवा, सांबर, काळवीट अशा प्राण्यांसाठी मावळतीला फ्लॅश पिशवीतच ठेवावा आणि आकाशाला जुळेल असे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घ्यायच्या उजेडाचे प्रमाण) देऊन स्वच्छ छायाकृती घ्यावी. शिंगांची ठेवण त्यात जितकी उठून दिसते, तितकी अर्धवट उजळलेल्या चित्रात कधीच दिसत नाही, असे माझे मत आहे.

मी हे तंत्र शिकलो ते साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आणि नंतर सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर. ऐन पावसाळ्यात तिथे मावळती दिसतच नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून ढग फुटू लागतात, गवत कमरेपर्यंत आलेले असते आणि त्याच्या शेंड्यांवर चतुर, टाचण्या (चतुरांसारखेच पण सडपातळ कीटक), नाकतोडे संध्याकाळी मुक्कामाला येतात. मुक्कामाला बसलेला चतुर सहसा पटकन उडत नाही, म्हणून नवशिक्यासाठी याहून चांगला विषय नाही. आपल्या जाळ्यात मध्यभागी बसलेला सिग्नेचर कोळीही तितकाच सोयीचा, आणि चाळकेवाडीला तर त्याच्यामागे पवनचक्क्यांच्या आकृत्या आयत्याच मिळतात. याच पठारावरून २०१६ मध्ये विज्ञानाला नव्याने ओळख झालेल्या, रंगीत गळपंखा फुलवणाऱ्या सरड्यासाठी मात्र संध्याकाळ राखून ठेवू नये. त्याचे प्रदर्शन उन्हाळ्यातले आणि भर उन्हातले असते.

आता मूळ रीत. एकाच चित्रात आपण दोन एक्स्पोजर करत असतो, हे मनात पक्के बसले की बाकीचे सोपे होते. आकाशावर फ्लॅशचा काहीही परिणाम होत नाही. ते शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ या तिघांनी, म्हणजे अनुक्रमे उजेड आत येण्याचा वेळ, लेन्सच्या छिद्राचा आकार आणि सेन्सरची संवेदनशीलता यांनी ठरते. जवळचा विषय मुख्यतः फ्लॅशची ताकद, त्याचे अंतर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांनी ठरतो. शटरचा त्यावर फारसा अधिकार नसतो. म्हणून कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून, फ्लॅश बंद करून, आधी फक्त आकाशाचे चित्र घ्यावे आणि रंग भरदार दिसेपर्यंत ते कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सूचनेपेक्षा सुमारे एक स्टॉप गडद करावे. सूर्य क्षितिजाच्या जरा वर असताना आयएसओ २००, एफ/११ आणि १/१२५ सेकंद यांच्या आसपास सुरुवात करता येते. सूर्य बुडाल्यावर आयएसओ ४००, एफ/८ आणि १/६० पर्यंत खाली यावे लागते. आकाश मनासारखे झाले की मगच फ्लॅश सुरू करावा, तोही मॅन्युअलवर, पूर्ण ताकदीच्या १/३२ पासून, आणि विषय जेमतेम उजळेल इतकाच वाढवावा. टीटीएलचे, म्हणजे लेन्समधून आलेल्या उजेडावरून फ्लॅशची ताकद ठरवणारे स्वयंचलित मोजमाप मागच्या तेजस्वी आकाशामुळे अनेकदा फसते, आणि फ्रेमगणिक उत्तर बदलत राहिल्याने शिकणाऱ्याला आपण काय केले हेच कळत नाही.

संध्याकाळचा एक फायदा असा की, दुपारसारखी हाय-स्पीड सिंकची (फार वेगवान शटरबरोबरही फ्लॅश चालवण्याच्या सोयीची) गरज क्वचितच पडते. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशशी जुळणारे सर्वांत वेगवान शटर १/२०० ते १/२५० सेकंद असते आणि मावळतीला ते पुरते. खरा त्रास उलट दिशेने येतो. उजेड उतरतो तसे आपण शटर मंद करत जातो, पठारावर वारा थांबत नाही, आणि १/१५ सेकंदाला डुलणाऱ्या गवतावरचा चतुर फ्लॅशमुळे गोठला तरी त्याच्या कडांमधून मागचे उजळ आकाश आत शिरते. पंखांभोवती धूसर किनार दिसू लागते. रिअर कर्टन सिंकने, म्हणजे शटर मिटण्याच्या जरा आधी फ्लॅश चमकवल्याने, ही किनार जाते असे सांगितले जाते, पण त्याने फक्त तिची बाजू बदलते. १/६० च्या खाली न जाता आयएसओ वाढवणे हाच उपाय मला पटलेला आहे.

रंगाकडे नवशिके सर्वांत उशिरा लक्ष देतात, आणि चित्र खोटे वाटण्याचे मोठे कारण तेच असते. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप), म्हणजे भर दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो. मावळतीचे ऊन ३००० केल्विनच्या आसपास उतरलेले असते. केशरी आकाशापुढे दुपारच्या रंगाचा नाकतोडा ठेवला तर तो कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. यासाठी फ्लॅशच्या तोंडावर सीटीओ नावाचा केशरी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पडदा, लावतात. पाव किंवा अर्ध्या तीव्रतेचा जेल लावून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवण्याची सेटिंग) डेलाइटवर, म्हणजे दिवसाच्या उजेडावर, ठेवला की विषयावर कोवळी ऊब येते आणि आकाशही आपल्या रंगात राहते. अर्धा जेल साधारण अर्धा स्टॉप उजेड खातो, तेवढी ताकद वाढवावी. पूर्ण जेल लावून व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर (पिवळ्या बल्बच्या उजेडासाठीच्या सेटिंगवर) नेण्याचीही एक पद्धत आहे. त्याने संधिप्रकाशाचे आकाश गर्द निळे होते. ते दिसते आकर्षक, पण त्या संध्याकाळी तिथे नसलेला रंग दाखवणे मला रुचत नाही.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवणेही आवश्यक आहे. समोरून पडलेला उजेड विषयाला सपाट करतो, तर वायरलेस ट्रिगर लावून तो बाजूने आणि जरा वरून दिला की अंगाची गोलाई दिसते. उजेड मऊ होणे हे डिफ्यूजर विषयाच्या तुलनेत किती मोठा आणि किती जवळ आहे यावर अवलंबून असते. बोटभर लांबीच्या कीटकाला तळहाताएवढा बटर पेपरचा पडदाही पुरेसा होतो. बेडकाच्या ओल्या कातडीवर उघडा फ्लॅश पांढरे डाग पाडतो, तिथे दुहेरी पडदा लावावा.

काही जीवांवर मात्र फ्लॅश वापरूच नये. संध्याकाळी बाहेर पडणारे रातवे आणि घुबडे यांचे डोळे मंद उजेडासाठी घडलेले असतात, आणि घरट्यातल्या पक्ष्यांच्या बाबतीत तर तडजोड नकोच. फ्लॅशने प्राणी बिचकतो हे जुनेच ज्ञान आहे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांची रात्री मॅग्नेशियमची पूड पेटवून घेतलेली चित्रे नॅशनल जिओग्राफिकने जुलै १९०६ च्या अंकात छापली, त्यांत स्फोटाने दचकून झेप घेणारी हरणेही होती. आंबोलीत चापडा हा साप दिसला तर वाइड लेन्स घेऊन जवळ सरकण्याचा मोह टाळावा. तो विषारी आहे, आणि १०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब मॅक्रो लेन्सने सुरक्षित अंतरावरून जे मिळेल तेवढेच घ्यावे. फांदी वाकवणे, जीव उचलून ‘चांगल्या’ पार्श्वभूमीवर ठेवणे हेही करू नये. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगी लागते, म्हणून पठाराचा कोणता भाग संरक्षित क्षेत्रात येतो याची चौकशी आधीच करावी.

खर्चाच्या बाबतीत धीर धरावा. मॅन्युअल ताकद बदलता येणारा साधा फ्लॅश, एक ट्रिगर, जेलचे दोन तुकडे आणि चार्ज केलेल्या बॅटऱ्यांचा जादा संच एवढ्यावर सुरुवात होते. सराव घराच्या गच्चीवर करावा. कुंडीतल्या जास्वंदीच्या फांदीमागे मावळते आकाश घेऊन सेटिंग हाताशी बसवावे, कारण आपल्या अक्षांशांवर सूर्य बुडाल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात उजेड अनेक स्टॉप उतरतो. त्या वेळात बटणे शोधत बसणाऱ्याच्या हाती आकाश लागत नाही. त्यानंतर मागे फक्त काळोख उरतो, आणि तिथून पुढची कामे रात्रीच्या मॅक्रोची. त्यांची गणिते वेगळी आहेत.