लांब केस वर कसे बांधावेत: आकडे, काडी, क्लचर आणि बाकीचा पसारा

माझे केस कमरेच्या खाली चार बोटं येतात. कौतुक पुष्कळ होतं. पण दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसायचं असलं की कौतुकापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: पंख्याने केस तोंडावर येऊ नयेत, ते खुर्चीच्या पाठीत अडकू नयेत आणि दुपारी तीनच्या सुमाराला डोकं ठणकू नये. म्हणून माझे केस रोज वर. लग्नातल्या पार्लरच्या अंबाड्याबद्दल मी लिहीत नाहीये. त्यात डबीभर पिना आणि वर स्प्रेचा फवारा, आणि रात्री ते सोडवायला घरातली दोन माणसं. मी सांगणार आहे ते रोजचं, पाच मिनिटांत होणारं आणि हात बसला की आरशाशिवायही जमणारं.

अंबाडा टिकण्यासाठी दोन गोष्टी लागतात. केसांना नीट पीळ हवा, आणि त्या पिळाची डोक्यावरच्या केसांशी सांगड हवी. पिना नुसत्या अंबाड्यातल्या अंबाड्यात खुपसल्या तर वीस खुपसा, अख्खा गोळा पिनांसकट मानेवर घसरतो. सांगड बसली असेल तर चार आकडे पुरतात, आणि केस दाट नसतील तर तीनही.

आधी केसांची अवस्था बघा. नुकतेच धुतलेले केस निसरडे असतात, त्यात काहीच ठरत नाही. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी अंबाडा सगळ्यात छान बसतो. आजच धुतले असतील आणि आजच बांधायचे असतील, तर तळहातावर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून ते फक्त खालच्या अर्ध्या केसांना लावा. ओले केस मात्र बांधू नका. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. शिवाय आत ओल राहून संध्याकाळी अंबाडा सोडला की जो वास येतो तो येतोच, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये. गुंता शेंड्याकडून काढत वर जायचं, रुंद दातांच्या कंगव्याने. कुरळ्या केसांना बांधण्याआधी कंगवा लावायचीही गरज नसते, बोटं फिरवली तरी भागतं. कुरळ्यांचा अंबाडा मुळात आम्हा सरळ केसवाल्यांपेक्षा चांगला धरतो. आम्ही फक्त हेवा करायचा.

मग जागा. लांब केसांना वजन असतं आणि ते कुठे टांगायचं हे तुम्हीच ठरवायचं असतं. डोक्याच्या अगदी वर बांधलेला अंबाडा फोटोत छान दिसतो, पण भारी केसांनी तो डुलतो, आणि डुलला की मुळं ओढली जातात. अगदी मानेवर बांधला तर मान वळवली की तो कॉलरला घासून सैल होतो. मला मानवते ती मधली जागा. डोक्याच्या मागे हात फिरवला की हाडाचा एक उंचवटा लागतो, त्याच्या जरा वर, साधारण कानांच्या रेषेत. तिथे वजन डोक्यावर टेकून राहतं, लोंबत नाही. आठवडाभर रोज त्याच जागी नको, थोडं वर-खाली करत राहा. घट्ट ओढून सतत एकाच तऱ्हेने बांधलं की कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस विरळ होत जातात. हे वेळीच ओळखून ताण थांबवला तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू ठेवलं तर ती जागा कायमची विरळ राहू शकते. अंबाडा बांधल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या तर तो सोडा आणि परत बांधा.

आता आकडे. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला, मधे थोडा नागमोडी, काळा. दुकानात जाऊन नुसत्या 'पिना' मागितल्या तर चपट्या, दोन्ही पाय चिकटलेल्या काळ्या पिना हातात ठेवतात. त्यांचं काम वेगळं आहे. तुळशीबागेत 'अंबाड्याचे आकडे' म्हणा, लगेच पुडी पुढे येते. अडीच ते तीन इंची घ्या, दोन इंचीचे छोटे आकडे गजऱ्याला. टोकांवरून बोट फिरवून पाहा. खरखरीत लागलं तर ती पुडी परत करा, रंग कितीही चकचकीत असो.

बांधायची रीत अशी. केस एका हातात गोळा करा, ठरवलेल्या जागी धरा आणि एकाच दिशेने पीळ द्या, इतका की केस आपोआप स्वतःभोवती वळायला लागतील. मग त्याच दिशेने बुडाभोवती गुंडाळत न्या. पीळ उजवीकडे आणि गुंडाळणं डावीकडे केलंत तर तुम्हीच घातलेला पीळ तुम्हीच उलगडत बसता. बहुतेकींचा अंबाडा तासाभरात सुटतो तो यामुळेच. शेंडा शेवटी अंबाड्याखाली खोचा. आता एक आकडा घेऊन अंबाड्याच्या कडेशी, डोक्याशी काटकोनात उभा धरा. बाहेरच्या पिळातले थोडे केस त्यात घ्या, टोकं डोक्याला टेकली की तिथलेही थोडे केस घ्या, मग आकडा अंबाड्याच्या मध्याकडे आडवा करून आत सरकवा. आकडा आडवा होताना दोन्हीकडचे केस एकमेकांत अडकतात, हीच ती सांगड. आत जाताना किंचित अडल्यासारखं वाटलं पाहिजे. लोण्यात सुरी गेल्यासारखा सुळकन गेला तर त्याने काहीच धरलेलं नाही, काढा आणि परत घाला. टोचला तर तो कातडीला समांतर नाही, थोडा उचला. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे असे चार. मग मान जोरात हलवून बघा. माझ्या काउंटरशेजारची सहकारी पहिल्यांदा हे शिकली तेव्हा लेडीज रूममध्ये अक्षरशः उड्या मारून खात्री करून घेत होती.

चपट्या काळ्या पिना मानेवरच्या आणि कानामागच्या सुटलेल्या बटांसाठी. त्यांची नागमोडी बाजू डोक्याकडे आणि सपाट बाजू वर. पुष्कळजणी उलट लावतात. पकड त्या नागमोडीत असते. एक पिन सरकत असेल तर तिच्यावर दुसरी फुलीसारखी आडवी लावा.

केस कमरेपर्यंत किंवा त्याहून लांब असतील तर आधी वेणी घाला आणि मग अंबाडा. हा वेणीचा अंबाडा सगळ्यात भरवशाचा. पीळ उलगडायचा प्रश्न येत नाही आणि वेणीच्या पेडांत आकडे पक्के अडकतात. वेणीची पहिली दोन वळणं सैल ठेवा, नाहीतर बुडाशी ती दांड्यासारखी उभी राहते आणि अंबाडा सपाट बसत नाही. टोकाला लहान रबर. माझी आजी रबराऐवजी आगवळ वापरायची, लोकरीची काळी दोरी, तीच वेणीत गुंफून शेवटी अंबाड्याभोवती गुंडाळायची. एकही आकडा नाही आणि दिवसभर शेतात काम. आता आगवळ शोधावा लागतो, पण काळ्या लोकरीचे तीन धागे वळून घरी करता येतो. साधं रबर तर केसांना लावूच नका. मऊ कापडी घ्या, आणि धातूचा सांधा असलेलं बिलकुल नको, केस नेमके त्या सांध्यात तुटतात.

काडी हा माझा सुट्टीच्या दिवशीचा प्रकार. शिसवीची गुळगुळीत काडी उत्तम, नसेल तर पेन्सिल, आणि स्वयंपाकघरात असाल तर लाकडी कालथ्याचा दांडासुद्धा चालून जातो. लांबी अंबाड्याच्या रुंदीपेक्षा दोन-तीन इंच जास्त हवी. रीत आकड्याचीच, फक्त मोठ्या मापावर. अंबाडा डाव्या हाताने धरा, उजव्या कडेला काडीने बाहेरच्या पिळातले केस उचला, टोक डोक्याशी टेकवून तिथले केस घ्या, काडीचं मागचं टोक बाहेरच्या बाजूला झुकवत तिला आडवी करा आणि अंबाड्याच्या खालून डोक्याशी लगटून डावीकडे बाहेर काढा. पहिल्या वेळी जमत नाही, चौथ्या-पाचव्या वेळी हाताला कळतं. दोन दातांचा काटा मिळाला तर आणखी बरं, तो फिरत नाही. काडी लावून गाडीत मागे डोकं टेकून बसू नका, आणि कडेवर लहान मूल असेल तर मुळीच नको.

क्लचरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण घरात माझ्याकडेही तीन आहेत. पोळ्या लाटताना, आंघोळीला जाताना त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. घेताना रंग नंतर बघा, आधी तोंड उघडून दातांची खोली बघा. तुमचा पिळलेला केसांचा गोळा आत मावून दात एकमेकांत गेले पाहिजेत. दात नुसते टेकत असतील तर तो घसरणार. केस पातळ असतील तर मोठा क्लचर धरतच नाही, मध्यम घ्या. स्प्रिंग दाबताना अंगठ्याला जोर लागला पाहिजे. केसांना पीळ देऊन तो उभा वर न्यायचा, शेंडे वरून खाली सोडायचे आणि क्लचर पिळासकट डोक्यावरचे केस घेऊन बंद करायचा.

पुण्यात राहून हेल्मेटबद्दल न लिहिणं बरोबर नाही. हेल्मेटखाली अंबाडा बसत नाही. बसवलात तर हेल्मेट वर उचललं जातं, आणि मग ते घालून काय उपयोग? क्लचर किंवा काडी तर आत नकोच, पडलात तर ती डोक्यातच जाईल. मी घरून सैल वेणी घालून निघते, ती कुर्त्याच्या आत सोडते, वरून स्कार्फ. ऑफिसात पोचल्यावर वेणीचा अंबाडा, आकडे ड्रॉवरमधे असतात. वेणी आधीच घातलेली असल्यामुळे लिफ्ट वर येईपर्यंत होतो.

कार्यक्रम असेल तर अंबाडा मोठा दिसावा असं वाटतंच. पातळ केसांना डोनट, म्हणजे अंबाड्याला आतून भर देणारं मऊ गोल कडं, चालतो. केसांच्याच रंगाचा घ्या. शेपटी बांधून तिच्यात तो घाला, केस त्यावर चहूकडे सारखे पसरा, वरून रबर, उरलेले केस पीळ देऊन बुडाभोवती गुंडाळा आणि आकडे लावा. वर केसांच्या रंगाची बारीक जाळी घातली की बटा सुटत नाहीत. गंगावन लावायचं तर ते केसांत गुंफूनच लावा, वरून अडकवलेलं ओळखू येतं. ज्यांना देवाने भरपूर दिलेत त्यांनी यातलं काही घेऊ नये, वजन वाढतं आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत मान धरते.

आणि गजरा, ज्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप. अंबाडा 3 इंच रुंद असेल तर त्याचा घेर साधारण साडेनऊ इंच होतो, म्हणजे मोठी वीतभर. 4 इंची अंबाड्याला साडेबारा इंच. फूलवालीकडे अंदाजाने 'एक द्या' म्हटलं की घरी येऊन गजरा चार बोटं अपुरा पडतो, म्हणून वीत लावूनच मागा. छोटे आकडे दोऱ्यावरून घाला, फुलांतून नाही. आकड्याने टोचलेला मोगरा तासाभरात पिवळा पडतो. आधी एक टोक खाली अडकवा, गजरा अंबाड्याच्या कडेला टेकवत फिरवा आणि दुसरं टोक पहिल्याच्या वर. सकाळी घेतलेला गजरा संध्याकाळपर्यंत ठेवायचा तर ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात, डबा फ्रिजमधे. उन्हाळ्यात मोगरा, नवरात्र-दिवाळीला शेवंती. गोव्याकडे आणि तळकोकणात अबोलीचा वळेसर मिळतो. त्याला वास नाही, पण तो हलका असतो आणि लवकर कोमेजत नाही, त्यामुळे दिवसभराच्या लग्नाला माझी पहिली पसंती त्याला. बकुळीचा गजरा सुकला तरी टाकू नका, वास राहतो, साड्यांच्या कपाटात ठेवा. मोत्याचं किंवा चांदीचं फूल, अग्रफूल वगैरे घेणार असाल तर मागे आकडा असलेलं बघा. चिमट्याचं फूल गुळगुळीत अंबाड्यावरून घसरतं, आणि चांदीचं असेल तर हळहळ जास्त.

पुरुषांचेही केस हल्ली लांब असतात. त्यांनाही हेच सगळं लागू, फक्त ते डोक्यावर बुचडा बांधून वर घट्ट रबर लावतात आणि मग कपाळ मागे चाललंय म्हणून तक्रार करतात. जरा सैल बांधा म्हणावं.

एमआरआयला जायचं असेल तर सगळे आकडे, पिना घरीच काढून जा. धातू आत चालत नाही आणि आठवून आठवून काढलं तरी एखादी पिन केसांत राहतेच. तिथे कापडी रबराची वेणी, रबरात धातू नाही हे बघून.

रात्री अंबाडा सोडताना घातले त्याच्या उलट्या क्रमाने आकडे काढा, ओढू नका. जसा आडवा करून आत सरकवला होता तसाच बाहेर घ्या. काढलेले मोजून डबीत टाका. पाय फाकलेला, वाकलेला आकडा सरळ करून पुन्हा वापरायचा मोह होतो, तो टाळा. वाकला त्या जागी त्याचं रोगण उडालेलं असतं आणि केस तिथेच अडकून तुटतात.