सुगीच्या दिवसांत सायकल: या चुका टाळा

दिवाळी झाली की बेळगावच्या रस्त्यांवर नव्या सायकली दिसायला लागतात आणि त्यांच्यामागोमाग त्याच त्या चुका. कानटोपी, मफलर, हातमोजे सगळं घेतलेलं असतं, मागचा लाल दिवा तेवढा राहिलेला. आपल्याकडं पहाटे पारा उतरून उतरून 13-14 अंशांवर येतो. एवढ्या थंडीनं धडधाकट माणसाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते सुगीमुळं. ऊस, पिंजर म्हणजे भाताचं काड, काटे आणि धूळ, सगळं एकदमच रस्त्यावर येतं.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे अंधारात निघणं. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य साडेसहानंतर उगवतो, डिसेंबरअखेर 7 वाजत येतात. तरी या नव्या सायकलवाल्यांना पाचलाच निघायचं असतं. त्यात उसाचा गळीत हंगाम. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला.

गेल्या हंगामात उचगावच्या पुढं, कोवाडच्या रस्त्याला दाट धुकं लागलं. आमच्यात नवा आलेला एक पोरगा सगळ्यांच्या पुढं, हँडलला मोबाईल बांधून त्याचाच टॉर्च लावलेला. सावकाश जा म्हटलं तर, "काका, दिसतंय की सगळं!" धुक्यात उजेड समोर मारला की तो उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. त्याला ना बंद पडलेली ट्रॉली दिसली, ना तिच्यामागं मांडलेले दगड. शेवटच्या क्षणी दगड चुकवायला गेला आणि चरीत पडला. हासळी मोडली. ट्रॅक्टरवाले मामा पुढं शेकोटीला बसले होते, आमच्या आधी तेच धावत आले.

माझा दिवा खाली झुकवलेला असतो, उजेड आठ-दहा हातांवर जमिनीवर पडेल असा. मागचा लाल दिवा चालूच. घोट्याला चमकती पट्टी बांधतो, कारण पायडल मारताना ती वरखाली हलते आणि पुढं सायकल आहे हे मागच्याला लगेच कळतं. धुकं फारच असलं तर निघतच नाही. आणखी एक चहा घेतो.

दुसरी चूक पंक्चरची. पावसाळ्यानंतर सराटे वाळतात, त्यात कुंपणाची बाभळ तोडून रस्त्याकडेला टाकलेली असते. पंक्चर झालं की पोरं घाईघाईनं नवी ट्यूब घालतात, हवा भरतात आणि फर्लांगभर जाऊन पुन्हा बसतात. अरे बाबा, काटा टायरमध्येच आहे! टायरच्या आतून फडकं फिरवा, जिथं अडकेल तिथं बघा. नुसती बोटं घालू नका, काटा बोटातच जाईल. ही पाच मिनिटं वाचवणाऱ्यांसाठी मी हल्ली थांबत नाही.

वाऱ्याचा हिशेब तर कुणी करतच नाही. या दिवसांत वारा पूर्वेकडचा. जांबोटी-कणकुंबीकडं जाताना तो पाठीशी असतो आणि नवख्याला वाटतं, आपले पाय तयार झाले. परतताना तोच तोंडावर येतो आणि मग घरी फोन जातो, गाडी घेऊन या म्हणून. निम्म्याहून जास्त दम परतीसाठी ठेवावा.

राजहंसगडाचा चढ जाड स्वेटर घालून चढू नका. वर घामानं भिजाल आणि उतारावर कुडकुडाल. मी चढाला पातळ शर्टावर असतो आणि उतरताना छातीवर, शर्टाच्या आत, कालचा पेपर घालतो. हसायचं तर हसा, वारा लागत नाही.

चेनला गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून ओतू नका. लाल धूळ त्यालाच चिकटते आणि चेन, फ्रीव्हील दोन्ही घासून खाते. पातळ तेल थेंब-थेंब सोडा, वरचं पुसून काढा.

थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्या.

आणि खानापूरकडं मळणीसाठी डांबरावर भात पसरलेलं दिसलं तर त्यावरून जोरात जाऊ नका, ब्रेक तर मुळीच दाबू नका. दवानं ओली पिंजर घसरते, वर मागच्या चाकात गुंडाळून डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, मोडते. उतरा, सायकल हातात धरून कडेनं चाला. भात ज्यांचं आहे त्या मावशीही मग ओरडत नाहीत.