ड्रॅग रेसची स्क्रूटिनी : या चुका टाळा

ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या कमी अंतराच्या वेगाच्या शर्यतीसाठी, जळगाव-धुळ्याहून ट्रेलरवर गाडी चढवून थेट अँबी व्हॅलीच्या धावपट्टीपर्यंत न्यायची आणि इंजिन ठणठणीत असूनही शर्यतीआधीच्या तपासणीत (स्क्रूटिनीत) अडकून परत यायचे, ही वेळ बहुधा गॅरेजमध्ये किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या कामांमुळे येते. आपल्याकडे एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचे नियम आणि त्या त्या स्पर्धेची पुरवणी नियमावली लागू होते. खालचे आकडे अमेरिकेतील एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांतील असल्याने ते आपल्या नियमावलीशी ताडून पाहावेत.

सर्वाधिक फजिती मेन कटऑफ स्विचमुळे, म्हणजे गाडीची सगळी वीज एकदम तोडणाऱ्या स्विचमुळे होते. बॅटरी डिकीत हलवली की हा स्विच गाडीच्या मागच्या टोकाला, बाहेरून हाताला लागेल असा बसवावा लागतो आणि त्याने पॉझिटिव्ह बाजू तोडून इंजिनासह सगळे बंद पाडले पाहिजे. इंजिन बंद असताना स्विच फिरवला, दिवे विझले, एवढ्यावर लोक समाधान मानतात. तपासनीस मात्र इंजिन चालू ठेवून स्विच फिरवायला लावतो आणि इंजिन खुशाल चालत राहते, कारण अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाकडून) इग्निशनला वीज मिळतच असते. अशा वेळी अल्टरनेटरची चार्जिंग वायर फ्यूजसह स्विचच्या बॅटरीकडील टोकाला आणावी आणि चाचणी निघण्यापूर्वी घरीच घ्यावी.

रोल बारची, म्हणजे गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याची मुख्य नळी माइल्ड स्टीलची असेल तर व्यास 1.75 इंच आणि जाडी किमान 0.118 इंच लागते. पाण्याच्या पाइपावर भागवण्याचा मोह टाळावा. एमआयडीसीतला कारागीर सवयीने वेल्ड ग्राइंडरने घासून, वर पुट्टी भरून चकचकीत रंग देतो. दारा-खिडक्यांच्या ग्रिलला ते शोभते, पण येथे वेल्ड घासणे नियमबाह्य आहे, कारण त्याने जोड पातळ होतो आणि तपासनिसाला तो पारखता येत नाही. काम सुरू होण्याआधीच हे बजावून सांगावे.

सीटबेल्टची दोन वर्षांची मुदत बिलाच्या तारखेपासून धरू नये; ती लेबलवरील उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात.

भुसावळच्या 45 अंशांच्या उन्हात रेडिएटर काठोकाठ भरण्याची सवय लागते. तापलेले पाणी फुगून धावपट्टीवर सांडले तर मागच्या गाडीचे टायर घसरतात, म्हणून ओव्हरफ्लोची नळी घट्ट बांधलेल्या कॅच कॅनमध्ये, म्हणजे सांडलेले पाणी साठवणाऱ्या डब्यात सोडावी. प्लास्टिकची बाटली टेपने चिकटवणे म्हणजे नकार ओढवून घेणेच.

राहता राहिले वजन. रावेर-सावद्याकडे केळीचे ट्रक मोजणाऱ्या काट्यावर टाकी भरून गाडी मोजली जाते आणि वर्गाच्या किमान वजनाशी अगदी जुळवून घेतली जाते. हे काटे मोठ्या टप्प्यांनी वजन दाखवतात. शिवाय शर्यतीतले वजन चालकासह, धाव संपल्यावर, म्हणजे पेट्रोल जळाल्यानंतर घेतले जाते. थोडे वजन जास्तच ठेवावे आणि त्यासाठीचे बॅलास्ट, म्हणजे भरीचे जादा वजन, बोल्टने पक्के आवळावे.