चौथा ठोका मोकळा ठेवा

क्लबमधल्या माझ्या पहिल्याच कार्यक्रमात आठव्या बारला (चार ठोक्यांचा एक बार) मी धापा टाकत होतो. रॅप तोंडपाठ होता, पण 90 बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला 90 ठोक्यांवर. डीजेने बीट 128 वर ठेवली. सोळा बार म्हणजे 64 ठोके. 90 वर त्यांना साधारण 43 सेकंद लागतात, 128 वर बरोबर 30. शब्द तेवढेच, श्वास घ्यायला जागा नाही.

अशा वेळी अर्ध्या गतीत, म्हणजे 64 वर असल्यासारखं म्हणता येतं. ऐकायला भारदस्त वाटतं, पण अख्खं गाणं तसंच केलंत तर नाचणारे पाणी प्यायला जातात. मी शेवटी शब्दच कापले. कुठे कापायचे ते वोग नावाच्या नाचाच्या बीट्सनी शिकवलं. न्यूयॉर्कच्या बॉलरूममध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो क्वीअर (गे, ट्रान्स वगैरे) लोकांच्या नाचाच्या स्पर्धांमध्ये, मास्टर्स ॲट वर्क या निर्माता जोडीच्या 1991 च्या 'द हा डान्स' या ट्रॅकमधला तो 'हा!' असा आवाज अजून घुमतो. चौथ्या ठोक्यावर तो फुटतो आणि नाचणारा त्यावर धाडकन जमिनीवर पाठ टेकतो. तिथे रॅपरचं काय काम? ओळ तिसऱ्यावर संपवा, चौथ्यावर श्वास घ्या.

साउंडवाल्याला आवाजातला 100 हर्ट्झखालचा भाग कापायला सांगा, तिथे किक ड्रम आणि बेस बसलेले असतात. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, कमी. मागे रेकॉर्ड केलेला आवाज फक्त धृपदापुरता.

क्लबच्या बीटवर रॅप केलंत की "हे खरं हिपहॉप नाही" हे ऐकावं लागेलच. जंगल ब्रदर्स या हिपहॉप गटाने हाउसवर, म्हणजे क्लबमधल्या नाचाच्या संगीतावर, रॅप केलं ते 1988 मध्ये. आणि हाउस वाढलं ते शिकागोच्या वेअरहाउस क्लबात, डीजे फ्रँकी नकल्ससमोर नाचणाऱ्या गे गर्दीत. मी आता वाद घालत नाही. मानधन मात्र आधी ठरवतो. प्राइडच्या (क्वीअर लोकांच्या अभिमानाच्या) महिन्यापुरती आमची आठवण येणाऱ्या एका आयोजकाने "प्रसिद्धी मिळेल की" म्हणून फुकट गाऊन घेतलं होतं.

राहिली मराठीची गंमत. आपलं क्रियापद चुगलखोर. 'तू आलास' म्हटलं की मुलगा कळतो. म्हणून माझी सुरुवातीची सगळी प्रेमगीतं भविष्यकाळात आहेत: येशील, थांबशील, नाचशील. 'येशील'मध्ये कुणीही लपतं. ज्या रात्री पहिल्यांदा 'आलास' म्हटलं, तेव्हा तो शब्द मुद्दाम तिसऱ्या ठोक्यावर ठेवला होता. चौथ्यावर मी गप्प होतो, गर्दी ओरडली.